सेरेनसाठी छप्पर

"आधी छप्पर, मग रंग," असं एलिनेड आंटी नेहमी म्हणायची. घर घेणाऱ्याला म्हणायची, लग्न ठरवणाऱ्याला म्हणायची. एकदा शाळेच्या बाईंनी वर्गाचे पडदे कुठल्या रंगाचे घ्यावेत असं विचारलं, तर त्यांनाही हेच ऐकावं लागलं. आमच्या वेल्समधल्या नांतलासच्या खोऱ्यात पाऊस येत नाही, तो इथेच राहतो. मधूनच चार दिवस परगावी जातो, एवढंच. त्यामुळे तिच्या या बोलण्याला कुणी हसत नसे.

जन्मभर तिने टपाल वाटलं, म्हणून ती एलिनेड पोस्ट. आमच्याकडे आडनावं मूठभर, माणसं खंडीभर. मग माणूस कामावरून ओळखायचा. मी मेंढ्यांचा ट्रेलर ओढतो म्हणून ग्विलिम ट्रेलर. इवानची बेकरी बंद होऊन किती वर्षं झाली, तरी तो इवान बेकरीच.

टपाल सुटलं आणि आंटी रेल्वे संग्रहालयाच्या तिकीटखिडकीत बसू लागली. तळ्याकाठी, पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणीची एंजिनं जिथे रात्री विसावत, त्याच लांब शेडमध्ये ते संग्रहालय होतं. खाणीची रूळवाट अरुंद, आणि एंजिनंही दोन बैल एकामागे एक उभे राहावेत एवढीच. खाण मिटली, माणसं पांगली, पण एक एंजिन राहिलं, आणि त्याच्या सोबतीला दुसऱ्या खाणींतली आणून ठेवली. आंटी तिकीट फाडायची, चहा द्यायची, मनुक्यांच्या पावाचे जाड काप करून वर हात आखडता न घेता लोणी लावायची, आणि सगळे गेले की फडकं घेऊन पितळ पुसत बसायची.

शेडमागे एक डोंगर आहे. तो देवाने केलेला नाही, आमच्या आज्या-पणज्यांनी केला. खाणीतून निघालेला फुटका दगड टाकून टाकून तो उभा राहिला. एका वसंतात तो डोंगर जरासा सरकला. कुणाला लागलं नाही, एक कुंपण तेवढं मोडलं. पण तपासायला आलेले लोक म्हणाले, पुन्हा सरकला तर शेडसकट तळ्यात जाईल. संग्रहालय बंद करा, आणि हिमवर्षावाच्या आत आतलं सगळं हलवा.

एंजिनांना घरं शोधायची वेळ आली. पत्रं लिहायचं काम संग्रहालयाच्या चिटणीसांनी घेतलं. उत्तरंही भराभर आली. जुनं एंजिन कुणाला नको असतं! पण प्रत्यक्ष जागा बघायला जाणार कोण? आंटी म्हणाली, "मी जाते. लेक देताना घर आपल्या डोळ्यांनी बघावं." तिला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून माझी व्हॅन.

स्थळ बघायची तिची रीत साधी होती. न कळवता जायचं, आणि पाऊस असेल तेव्हाच जायचं. शेडच्या मधोमध उभं राहायचं, टोपी काढायची, डोळे मिटायचे आणि थांबायचं. डोक्यावर थेंब पडला की टोपी घालायची, आभार मानायचे आणि परत फिरायचं.

समुद्राकाठच्या एका जुन्या रेल्वेच्या गृहस्थांना ती चांगली आठवत असेल. त्यांच्याकडे सगळं झगझगीत होतं. खांब हिरवे, खिडक्या पांढऱ्या, कुंड्यांत फुलं.

"कळवलं असतं तर केक तरी आणून ठेवला असता," ते म्हणाले.

"केक मी खाऊन आलेय. शेड कुठंय?"

तिने टोपी काढली. आम्ही उभे. बऱ्याच वेळाने तिच्या पांढऱ्या केसांत एक थेंब टपकला.

"अहो बाई, एक थेंब! वेल्समधल्या छपराला एक थेंब माफ असतो."

"माणसाला माफ असतो. बॉयलरला नाही."

परतताना मी म्हटलं, "सगळं देखणं होतं पण."

"होतं ना. नवरा देखणा आहे, घर गळतंय."

पुढे सीमेपलीकडे, इंग्रजांच्या मुलखात, दोघे भाऊ डुकरं पाळतात, त्यांच्याकडे आम्ही गेलो. पत्र्याची शेड, तीही गंजक्या रंगाची, बाहेर ढोपरभर चिखल. आंटी आत उभी राहिली. बाहेर पाऊस पत्रा बडवत होता आणि आत तिचे केस कोरडेच. सर्वांत मोठं एंजिन तिने त्याच भावांना दिलं. दुसरी दोन जोडीनेच दूर उत्तरेला गेली. वेगळं करायचं नाही ही तिची अट होती. निरोप देताना ती रडली नाही. बॉयलरवर हात ठेवायची आणि म्हणायची, "जा. नीट राहा."

शेवटी उरली सेरेन.

सेरेन म्हणजे आमच्या वेल्शमध्ये तारका. सगळ्यांत लहान, सगळ्यांत जुनी, आणि एकटी आमच्याच खाणीची. बाकीची एंजिनं बाहेरून जमवलेली होती. आंटीचा आजा तिचा चालक, आणि इवान बेकरीचा आजा तिच्यात कोळसा टाकणारा. जन्म गेला दोघांचा त्या एवढ्याशा जागेत, खांद्याला खांदा लावून. पण चालक सालेमचा आणि कोळसेवाला बेथानियाचा, म्हणून वाफ आणि पाणी सोडून तिसऱ्या विषयावर ते बोलले नाहीत, असं सांगतात.

ही आमच्या गावची दोन चॅपेलं, म्हणजे प्रार्थनाघरं. ओढ्याच्या अलीकडे सालेम, पलीकडे बेथानिया. देव एक, बायबल एक, स्तोत्रांच्या चालीसुद्धा बहुतेक त्याच. मग भांडण कशाचं हे मला विचारू नका. दोन्हीकडचे लोक दोन कारणं सांगतील आणि दोन्ही खरी वाटतील. सालेमचा माणूस बेथानियाच्या मयतीलाही दारापर्यंतच जातो. आंटीने तिथलं टपाल आयुष्यभर दाराच्या फटीतून आत सारलं, उंबरा कधी ओलांडला नाही.

सेरेनला मागणी आली हॉलंडहून. वाउटर नावाचा उंच, शांत माणूस. आंटी आयुष्यात पहिल्यांदा जहाजात बसली आणि ठरल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. पाऊस तिकडेही होता. ती परत आली तेव्हा मी बंदरावर घ्यायला गेलो. तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि मागे समुद्राकडे वळून बघितलं.

"काय झालं आंटी?"

"काहीच झालं नाही. तेच तर." व्हॅनमध्ये बसल्यावर म्हणाली, "कोरडं आहे, उबदार आहे, ग्विलिम. जमीन ताटासारखी स्वच्छ. नाही कुठल्या तोंडानं म्हणू?"

तिने वाउटरला शब्द दिला: ऑक्टोबर संपताना लॉरी पाठव, त्याआधी आमच्या खोऱ्यात कोरडं छप्पर मिळालं तर मात्र सेरेन इथेच राहील. वाउटर म्हणाला, "बाई, ती तुमचीच आहे. मी नुसता पाहुणचार करायला तयार आहे."

गावात गलका झाला. दुकानात, रस्त्यात लोक तिला अडवू लागले.

"आज्याचं एंजिन समुद्रापार घालवतेस?"

"छप्पर दाखव," ती म्हणायची. "तुझा गोठा दाखव. चल, आत्ताच चल, पाऊस आहे."

आम्ही गोठे पाहिले, बसचं गॅरेज पाहिलं, रग्बी क्लबची खोली पाहिली. सगळीकडे थेंब. ज्या डोंगराच्या पोटातल्या पाटीच्या कौलांनी अर्ध्या जगाची घरं शाकारली, त्याच्या पायथ्याशी त्याच्याच लेकीला कोरडी जागा नव्हती. आंटीची टोपी त्या दिवसांत कधी वाळलीच नाही. पितळ पुसताना तिचा हात आता सावकाश फिरे.

लॉरीला थोडेच दिवस उरले होते. शेवटचा गोठा बघून येताना ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं, म्हणून मी व्हॅन थांबवली. समोर बेथानिया. आंटीने हाताने काच पुसली आणि बघत राहिली. मीही बघितलं. पावसाचा जोर असा होता की डोंगर दिसत नव्हता, पण त्या छपरावरून पाणी कसं एका रेषेत उतरत होतं! कुठे खळगा नाही, कुठे शेवाळाची गाठ नाही.

"ती कौलं कुठली?" तिने विचारलं.

"आपल्या खाणीतली. त्यांच्या आज्यांनी निवडून निवडून घातलेली, इवान सांगतो."

"इवान फुशारक्या मारतो."

"मारतो. पण चॅपेलामागची खोली, ती व्हेस्ट्री, कधी गळली नाही, असंही सांगतो."

या बाईला खोऱ्यातलं प्रत्येक छप्पर पाठ होतं. कुणाच्या धुराड्याची वीट सैल, कुणाकडे गळतीखाली बादली ठेवतात, सगळं माहीत. याच एका छपराकडे सत्तर वर्षांत तिने मान वर करून पाहिलं नव्हतं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"पाणी ओसरलं," ती म्हणाली. "घरी सोड मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला बोलावून घेतलं आणि आम्ही इवानच्या दारात गेलो. इवान बेथानियाचा कारभारी. भुवया अजून पिठासारख्या पांढऱ्या.

"टपाल आणलंस?" त्याने विचारलं.

"तोंड आवर. व्हेस्ट्री उघड."

"कशाला?"

"मला उभं राहायचंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी आढ्याकडे पाहिलं. त्याने किल्ली घेतली. व्हेस्ट्रीच्या उंबऱ्याशी आंटी थबकली. मग बूट पुसले, पुन्हा पुसले, आणि आत गेली. रविवारच्या शाळेची ती मोठी खोली, आता रिकामी. भिंतीशी बाकं रचलेली. तिने मधोमध जाऊन टोपी काढली, डोळे मिटले.

इवान माझ्या कानाशी लागला. "प्रार्थना करतेय का?"

"छप्पर तपासतेय."

"आमचं छप्पर? सालेमवाली?"

"गप रे!" आंटी डोळे न उघडता म्हणाली.

पाऊस वर कौलांवर चालत होता, सरळ, शांत, घरच्या माणसासारखा. आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे. शेवटी तिने केसांवरून हात फिरवला आणि तळवा बघितला. तळवा कोरडा होता.

"इवान, सेरेनला इथं ठेवशील?"

"विचारतेयस की सांगतेयस?"

"विचारतेय."

"पुन्हा म्हण. जन्मात पहिल्यांदा ऐकतोय."

"विचारतेय, मेल्या!"

इवान हसला नाही. त्याने पायाने फळी दाबून पाहिली. "फळ्या काढाव्या लागतील. खाली खडकच आहे, वजन पेलेल. मागची भिंत उघडावी लागेल. पण हे मी एकटा ठरवू शकत नाही."

बेथानियात आता उरलेत ते हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच. ते जमले. सगळ्यांत ज्येष्ठ मिस प्रिदर्च. काठी आपटून म्हणाल्या, "ते सालेमचं एंजिन आहे. चालक त्यांचा होता."

"आणि कोळसा कुणी टाकला?" इवान उसळला. "माझा आजा नसता तर त्यांचा आजा थंड किटलीवर बसून राहिला असता!"

"मग तसं पाटीवर लिहा," मिस प्रिदर्च म्हणाल्या. "कोळसेवाल्याचं नाव वर, चालकाचं खाली. नाहीतर माझा हात वर होणार नाही."

सगळ्यांनी आंटीकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती. बसायला कुणी सांगितलं नव्हतं. आज्याचं नाव तिच्या घरात बायबलच्या खालोखाल घेतलं जाई. तिने टोपीची कड दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं, आता ही टोपी घालणार आणि परत फिरणार.

"वर लिहा," ती म्हणाली. "ठळक लिहा. पण दोन्ही नावं एकाच दगडावर."

मिस प्रिदर्चबाईंचा हात सगळ्यांत आधी वर गेला.

वाउटरला कळवलं. तरी त्याची लॉरी ठरल्या दिवशी आली, तो स्वतः चालकाशेजारी बसलेला. "ठरलेलीच होती," तो म्हणाला, "कुठं न्यायचं तेवढं सांगा." सेरेन त्याच्याच लॉरीवरून तळ्याकाठाहून गावात आली. दारादारांत माणसं उभी होती. बेथानियाच्या व्हेस्ट्रीची मागची भिंत उघडून, फळ्या काढून रूळ टाकले, दोर बांधले. ओढताना कुठलं स्तोत्र म्हणायचं यावर दोन चॅपेलांची जुंपली; शेवटी चाल एकच असल्यामुळे ज्याने त्याने आपापले शब्द म्हटले आणि एंजिन त्या एका चालीवर आत गेलं. वाउटरला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण दोर त्यानेही धरला होता. जाताना आंटीने त्याला दगड वाहायच्या दोन वाघिणी दिल्या आणि पावाची मोठी लादी.

पुढच्या शनिवारी व्हेस्ट्री उघडली. शाळेतली पोरं आली, सालेमची माणसं आली. काहीजण उंबऱ्याशी अडखळली, मग मागच्यांनी ढकललं म्हणून आत आली. आंटीने चहा ओतला, इवानने किती वर्षांनी पाव भाजले होते. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याने किल्ली तिच्यापुढे धरली.

"ठेव तुझ्याकडं. दर वेळी माझं दार वाजवू नकोस."

तिने किल्ली कोटाच्या खिशात टाकली.

"उद्या उपासनेनंतर चहा आहे इथं," इवान फडक्याला हात पुसत म्हणाला.

"उद्या रविवार. रविवारी मी सालेमला."

"मग सोमवारी?"

तिने कोटाची बटणं लावली, एकेक, सावकाश. "सोमवारी दुपारी येते. पितळ पुसायचंय. आणि चहा जरा कडक कर. तुमच्याकडचा पाणचट असतो म्हणतात."

ती निघाली. टपाल सोडून इतकी वर्षं झाली, तरी एक खांदा अजून पिशवीच्या बाजूला झुकलेला आणि पावलं मात्र भरभर. मी व्हॅनजवळ होतो. तिला घरी सोडायचं माझ्याकडेच होतं, पण मी हाक मारली नाही. ती ओढ्याचा पूल चढली, पलीकडे उतरली. इवान व्हेस्ट्रीच्या दारात फडकं हातात धरून तिच्याकडे बघत उभा होता, आणि ती वळणाआड गेली तरी तो आत गेला नाही.