देवाच्या वाटची दारू

मुरबाड-कल्याण मोटारीचा तो ड्रायव्हर रोज सकाळी वेशीवरच्या देवाच्या दगडावर दारूची धार सोडी, दोनदा हॉर्न वाजवी आणि मगच गाडी हाकी. एकदा त्याची मोटार उलटली आणि आतली एक म्हातारी दगावली. त्याच्या अंगाला दारूचा वास होता. त्याच्या वकिलांनी सांगितलं, "देवाला घालताना सदऱ्यावर सांडली, एवढंच बोल. सुटशील." वकिलांचा कारकून म्हणून ते वाक्य मीच त्याच्याकडून चारदा घोकून घेतलं.

कोर्टात तो म्हणाला, "देवाला घातलीच नाय, सायेब. त्या दिशी त्याच्या वाटची मीच पिलो."

लायसन गेलं, सजा झाली. सुटून आल्यावर तो कल्याणला पायीच जाई. त्या दगडापाशी चपला काढी, पण हात जोडत नसे. मान खाली घालून पुढे होई.