खोडावरची अळंबी

घणसोलीत आमच्या सोसायटीबाहेर पालेभाजी विकणाऱ्या आजींचं नाव मी कधी विचारलंच नाही. परवा आवारातल्या कुजक्या खोडावर अळंबी उगवली. मोबाईल म्हणाला, खाण्यासारखी आहे. तरी खात्री करावी म्हणून मी एक तोडून आजींना दाखवली. त्यांनी ती उलटी केली, खालची झालर निरखली, वास घेतला.

"झाड कंचा हुता, बाय?"

ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांना आत नेऊ लागले, तर वॉचमननं हटकलं, "कोणाकडे जायचंय?"

"माझ्याकडे," मी म्हटलं.

खोडापाशी आजी खाली बसल्या. सालीत रुतलेली एक गंजकी कडी त्या बराच वेळ बोटांनी चाचपत राहिल्या.

"हितं आमचा बैल बांधायचो," त्या म्हणाल्या. "खुशाल खा, बाय. आमच्याच आंब्यावरची हाय."