न विसरणारी चिप

विभागात त्यांना पाठीमागे घुबड म्हणत आणि तोंडावर मामा. प्रयोगशाळेतल्या काळोख्या खोलीत एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? डोळ्यांना जाड चष्मा लागला, पण अंधारात नुसत्या बोटांनी काम करण्यात मामांचा हात धरणारा कुणी नव्हता.

यंदा त्यांच्या ताब्यात एका संशोधक मुलीची चिप होती. ग्राफीनची, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ पापुद्र्याची. उजेड पडला की तो तिला कळे, आणि किती पडला ते तिच्या लक्षातही राही. आठ महिन्यांपूर्वी एकदाच तिला मोजून उजेड दाखवला आणि काळ्या डबीत बंद केलं. मुदत संपली की तिला किती आठवतंय ते मोजायचं. मुलीची पाच वर्षांची मेहनत आणि पदवी त्यावरच टांगलेली. मामांनी दर सोमवारी अंधारात चाचपून डबीतली ओल शोषणारी पुडी तेवढी बदलायची. फोन आत आणायचा नाही, ही पाटी दारावर मामांनीच लावलेली.

त्या सोमवारी बायकोच्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता, म्हणून फोन खिशात राहिला. डबी उघडी असतानाच तो वाजला आणि मामांनी भान विसरून बाहेर काढला. गाठ वाईट निघाली, असं लेक रडत सांगत होती, आणि फोनचा उजेड थेट चिपवर पडला होता.

मामांनी तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, पण त्या दिवशी तेवढा जीव उरला नव्हता. त्यांनी विजेचा झटका देऊन चिप कोरी केली, वहीत बघून पहिल्या दिवसाइतकाच उजेड दिला आणि झाकण लावलं. अक्कल नेमकी तिथेच चरायला गेली. आठ महिन्यांत चिप थोडं तरी विसरणारच, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

पंधरा दिवसांनी मुलीने मोजलं. आकडा थेट पहिल्या दिवसाचा, तसूभरही कमी नाही. असं आजवर कुणालाच जमलं नव्हतं. ती हसत होती, डोळे पुसत होती, सरांना सांगायला निघाली होती. मामांना ते बघवेना.

"पोरी, तिला काही आठवत नाही," ते म्हणाले. "पंधरा दिवसांपूर्वी मी पढवलं, तेवढंच बोलतेय ती."

आणि फोनपासून झटक्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

मुलीने पुन्हा एकदा त्या आकड्याकडे पाहिलं. ती ओरडेल, रडेल, तक्रार करेल, या सगळ्याची मामांनी मनाची तयारी केली होती. तिने उठून दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "मामा, हे अजून कुणाला माहीत आहे?"