सर्जेरावांची तोफ आणि नऊ विमानं

पुंडलिकनगरचे सर्जेराव म्हणजे लग्नाचे फोटोग्राफर. तीस वर्षांत हजारभर नवरदेव त्यांनी हसवले, तेही बळंबळंच. धंदा चालला तो एका सवयीवर. अक्षता पडल्या की बाकीचे फोटोवाले नवरा-नवरीला चिकटतात; हा बाबा एक फोटो काढायचा अन् गर्रकन मागं वळून पाहुणे टिपायचा. कारण आपल्याकडं एखाद्या फोटोत नवरी नसली तर चालतं, पण पिशोरचा मामा अल्बमात नसला की तीन पिढ्या रुसून बसतात.

अशा माणसाला पन्नाशीत विमानांचं खूळ लागावं? हातभर लांब लेन्स आणली. त्यांच्या कारभारणीनं, रत्नमालाबाईंनी, तिचं नाव ठेवलं तोफ.

"छावणीत वायुदलाची नऊ इमानं कसरती करायला येऊ राहिलेत म्हनं," त्या म्हणाल्या. "भिंतीवर लावण्याजोगा एक फोटो काढून दाखवा. नाय तर तोफ इकायची अन् घरीच दळण दळायला घरघंटी आणायची."

सर्जेरावांनी छाती फुगवून "मंजूर" म्हटलं, आणि मग रात्रभर तोफ पुसत बसले. लई जीव होता हो त्या लेन्सवर!

रविवारी मैदानावर ही गर्दी! "मला काय करायचंय इमानं बघून? मी निजते," म्हणत रत्नमालाबाई गर्दीच्या पार मागं, पल्याडच्या कडेला, लिंबाखाली स्कूटी लावून सतरंजी टाकून बसल्या.

विमानं आली. नऊच्या नऊ एकमेकांना खेटून. सर्जेराव ओरडले, "अजून जवळ या, जवळ या!"

शेजारचा हवालदार म्हणाला, "काका, आता काय एकमेकांच्या मांडीवर बसवता का?"

तेवढ्यात दोन विमानं समोरासमोर सुसाट आली, गर्दी "आऽऽ" करून किंचाळली, आणि सर्जेराव गर्रकन मागं वळले. धुराचा बदाम निघाला, टाळ्या पडल्या, वळले. विमान उलटं झालं, शिट्ट्या वाजल्या, पुन्हा वळले. मेल्या हाताला कोण सांगणार, हे लग्न नाही म्हणून!

घरी येऊन कॉम्प्युटरवर बघतात तर काय? दोनशे फोटो. विमानांच्या नावानं एक शेपूट, थोडा धूर आणि एक घार. बाकी सगळी परकी माणसं, आ वासलेली. एकाची तर सोन्याची दाढसुद्धा लख्ख आली होती.

सर्जेरावांनी कपाळाला हात लावला. "गेली तोफ."

"मी आधीच म्हनले होते," म्हणत रत्नमालाबाई एकेक फोटो पुढं ढकलत होत्या. एकाएकी थांबल्या.

फोटोत गर्दीच्या मागं पल्याडचा लिंब. सतरंजी रिकामी. आणि बाई स्कूटीच्या सीटवर उभ्या! पदर खोचलेला, दोन्ही हात वर, मान आभाळाकडं, खदाखदा हसत.

"निजली होतीस ना?"

"गप बसा." त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. "तीस वर्षं लोकायच्या मावश्या-माम्या काढल्या तुमी. मी अशी दिसते व्हय?"

"अशीच दिसतीस की," सर्जेराव म्हणाले.

"मग ह्योच लावा भिंतीवर."

"अगं, पण यात इमान कुठंय?"

"मी बघू राहिले ना त्याच्याकडं!" रत्नमालाबाई फिस्कारल्या. "अन् तोफ ऱ्हाऊ द्या. जवारी गिरणीतूनच दळून आणू."