पत्र्यामागचा बाक

धाकट्याची साठी उलटली होती, डोक्यावरचे केस शोधावे लागत होते, तरी बाजारात तो धाकटाच. थोरला अजून खणखणीत होता, मग ह्याला मोठं होऊ देणार कोण! बापाचं कुलपांचं दुकान. दोघे भाऊ त्याच दुकानात कानस घासत वाढले आणि त्याच दुकानापायी भांडले. वाटणीवरून नव्हे हो. वाटणीवरून भांडतात ती शहाणी माणसं. हे भांडले एका कुलपावरून.

झालं होतं असं, की एका सकाळी दोघे दुकानावर आले तर दाराला कुलूप नुसतं लोंबकळत होतं. रात्रभर दुकान उघडं! चोरीला काही गेलं नव्हतं, पण इज्जत गेली. कुलपं विकणाऱ्याच्या दुकानाला कुलूप नाही म्हटल्यावर बाजार सोडतो होय? समोरचा चहावाला तर आठवडाभर गिऱ्हाईक आलं की विचारायचा, "काय हो, घर उघडं टाकायचंय? मग ह्यांच्याकडून घ्या कुलूप." धाकटा भर रस्त्यात ओरडला, की मी आदल्या संध्याकाळी दुकानात नव्हतोच, मी गिऱ्हाइकाकडे गेलो होतो. थोरल्याने पिशवीत आपली अवजारं भरली आणि नदीकाठच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एक टपरी टाकून बसला. त्या दिवसापासून अबोला.

आता अबोला धरणं सोपं, निभावणं कठीण. भावाशी बोलायचं नाही हे ठीक, पण भाऊ दिसायला तर हवा? न दिसणाऱ्या माणसाशी न बोलण्यात काय मजा? तर त्यांनी न ठरवता एक ठरवून टाकलं. रोज संध्याकाळी नदीकाठच्या एका बाकावर दोघे येऊन बसायचे. एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये तिसरा माणूस मावेल एवढी जागा. एकमेकांकडे बघायचं नाही. जे काय सांगायचं ते नदीला सांगायचं.

"काही लोकांनी खोकल्याचं औषध घ्यावं," थोरला नदीला सांगायचा. "नुसतं खोकत बसू नये."

"काही लोकांनी आपल्या गुडघ्याकडे बघावं," धाकटा त्याच नदीला उत्तर द्यायचा.

नदी बिचारी वर्षानुवर्षं ऐकत होती. दोघांच्या बायका मात्र रोज फोनवर तासतासभर बोलायच्या. त्यांनी अबोला बिबोला असला पोरकटपणा कधीच केला नाही.

आणि मग आलं सुशोभीकरण.

एका सकाळी काठाला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत उंच पत्रे ठोकले गेले. वर रंगीत चित्र: कारंजी, दिवे, हसत चालणारी सडपातळ माणसं. खाली लिहिलेलं, की काम चालू आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. चित्रातली माणसं उन्हाने पिवळी पडली. पालिकेने लगेच नवी फळी लावली, नव्या माणसांची, जुन्याच दिलगिरीची. काम होवो न होवो, दिलगिरी मात्र कधी थकली नाही.

बाजार वैतागला. धुळीने माल खराब होत होता, संध्याकाळचं गिऱ्हाईक तुटलं होतं. पण सगळ्यांत जास्त पेटला तो धाकटा. पालिकेच्या ऑफिसात जाऊन त्याने विचारलं, "साहेब, काम अडलंय कुठे?"

"फाइल वर गेलीय, काका."

"वर म्हणजे?"

"वरच्या मजल्यावर."

धाकटा गुडघे धरत वर गेला. तिथल्या बाईंनी सांगितलं, "फाइल खाली पाठवली की."

"मी आत्ता जिन्यानेच आलो," धाकटा म्हणाला. "कुठे गाठ पडली नाही आमची."

हे वाक्य बाजारभर झालं आणि लोकांनी त्याला समितीचा अध्यक्ष करून टाकलं. मग काय, सभा झाल्या, मोर्चा निघाला. कानशीशिवाय हातात काही न धरलेला माणूस माइक धरून गरजू लागला, "आमचा काठ आम्हाला परत द्या!" टाळ्यांचा कडकडाट. मागच्या खुर्चीवर बसलेली त्याची बायको शेजारणीला हळूच म्हणाली, "काठ कशाला हवाय ह्यांना! बाक हवाय."

कारण पत्रे लागल्यापासून भाऊ दिसला नव्हता. थोरल्याचं घर कुठे सातासमुद्रापार नव्हतं, दोन गल्ल्या सोडून होतं, टपरी तर त्याच रस्त्यावर. पण जायचं कसं?

"पाय आहेत ना?" बायको म्हणायची.

"तो मोठा आहे. त्याने बोलवावं."

"बाकावर कोण कोणाला बोलवत होतं?"

"बाकाची गोष्ट वेगळी, तुला नाही कळायची. तिथे कोणी कोणाकडे जात नाही. नदीवर जातात."

तिने डोक्याला हात लावला.

असेच दिवस जात होते. एके दुपारी ती जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली, पण डबा काही उघडेना. मग म्हणाली, "वहिनींचा फोन होता. भाऊजी निघालेत. मुलाकडे. कायमचे. महिनाअखेरीस."

"जाऊ दे," धाकटा म्हणाला आणि कानस घासत राहिला. त्या दुपारी त्याने एका बाईंना कपाटाची म्हणून त्यांच्याच सायकलची किल्ली करून दिली. डबा संध्याकाळी तसाच घरी परत गेला.

रात्री बायकोने विषय काढला. "अहो, तो पत्र्याचा दरवाजा आहे ना, मधल्या गल्लीतला? जा की आत. भाऊजींना तिथे पाठवा, असा निरोप मी वहिनींना देते. कुलपंच उघडता ना तुम्ही?"

धाकटा ताडकन उठून बसला. "दुसऱ्याच्या कुलपाला हात लावू? मालकाच्या सांगण्याशिवाय?"

बापाची शिकवणच होती तशी. मालकाने सांगितल्याशिवाय कुलपाला बोटसुद्धा लावायचं नाही. बोट लावलंस की तुझ्यात आणि चोरात फरक उरला तो पिशवीचा. धाकट्याने हे जन्मभर पाळलं होतं. रोज सकाळी दुकानावर येताना तो त्या मधल्या गल्लीतूनच यायचा. पत्र्याच्या दोन फळ्या, हात जाईल एवढी फट, फटीतून ओवलेली साखळी आणि साखळीला कुलूप. पावसापाण्यासाठी कुलपावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. तो थांबायचा, फटीतून डोकवायचा. समोर दगडांचा ढिगारा, बाकी काही दिसायचं नाही. मग कुलपाकडे बघून एक सणसणीत शिवी हासडायचा आणि पुढे जायचा. शिवी द्यायला काही मालकाची परवानगी लागत नाही.

महिना संपत आला. धाकटा रोज ऑफिसात जाऊन खुर्चीत बसू लागला. साहेब म्हणाले, "काका, तुमच्यासारखे जागरूक नागरिक हवेत." काकांना वाटलं, ह्याच्या टेबलाच्या खणाला कुलूप लावून किल्ली नदीत फेकावी. पण फेकायला तरी नदी दिसायला हवी होती.

आणि एका संध्याकाळी काठाच्या कामावरचा नवा मुकादम धापा टाकत दुकानात आला. "काका, चला लवकर! मोठे साहेब पाहणीला निघालेत आणि दरवाज्याची किल्ली सापडत नाही."

"हरवली कधी?"

"ते कसं सांगू? कोणी आत गेलं असतं तर कळलं असतं ना!"

धाकट्याचा हात अवजारांच्या पिशवीकडे गेला. तरी त्याने विचारलंच, "उघडायला सांगताय ना मला? तुम्ही स्वतः?"

"अहो सांगतोय कसला, पाया पडतो!"

बस्स. धाकट्याने पिशवी उचलली आणि गुडघे विसरून निघाला. दरवाज्यापाशी बसला, प्लॅस्टिकच्या पिशवीची गाठ सोडली. गाठ बघून तो जरासा थबकला. दुहेरी, टोक आत खोचलेलं. बाप पुडकी बांधायचा तशी. मग त्याने कुलूप हातात धरलं आणि अवजार काढायला आपल्या पिशवीत हात घातला. तेवढ्यात कुलूप आपसूक त्याच्या हातात आलं.

लागलेलंच नव्हतं. कडी नुसती अडकवलेली होती, दाबलेली नव्हती. आणि आत ताजं तेल.

"वा काका!" मुकादम ओरडला. "नुसता हात लावला आणि उघडलं! लोक उगाच नाही नाव घेत तुमचं."

दोघे आत शिरले. आत काय होतं म्हणता? गुडघाभर गवत. सिमेंट कालवायचं एक यंत्र, त्यात पाखरांनी घर केलेलं. दगडांचा तो ढिगारा.

"तसं बरंच काम झालंय," मुकादम म्हणाला.

"कुठे?"

"कागदावर."

ढिगाऱ्याला वळसा घातला तर समोर नदी होती. नदीसमोर तोच बाक, एक पाय मोडलेला, मोडक्या पायाखाली दगड लावलेला. आणि बाकाच्या त्या टोकाला थोरला बसला होता. ह्या टोकाची जागा पुसून स्वच्छ केलेली होती.

"ओ आजोबा!" मुकादम दचकला. "तुम्ही आत कसे?"

थोरल्याने खिशातून किल्ली काढली. "तुमच्या आधीच्या मुकादमाने माझ्याकडून करून घेतली. मग म्हणाला, आमच्याकडे हरवतात, तुमच्याकडेच राहू द्या. पुढे त्याची बदली झाली. नवीन कोणी मागायलाच आलं नाही."

मुकादमाने किल्लीवर झडप घातली आणि साहेबांची वाट बघायला तो दाराकडे पळाला. धाकटा हळूच येऊन ह्या टोकाला बसला. दोघांची तोंडं नदीकडे. नदी आहे तशीच होती, तिचं सुशोभीकरण झालं नव्हतं म्हणून बरं.

"काही लोक," धाकटा नदीला म्हणाला, "परक्याचं दार उघडं टाकून आत बसतात. बापाने हेच शिकवलं वाटतं."

"काही लोकांचा जन्म कुलपात गेला," थोरला नदीला म्हणाला, "पण लागलेलं कुठलं आणि अडकवलेलं कुठलं, एवढं ओळखता येत नाही."

"वरून पिशवी बांधल्यावर ओळखणार कसं?"

"मग काय गंजू द्यायचं?"

"अरे, रोज सकाळी मी तिथे उभा असायचो!"

"मला ठाऊक नाही होय? गल्लीतला इस्त्रीवाला सांगायचा. म्हणून तर जाताना उघडं ठेवायचो. आत असलो की फटीतून हात घालून अडकवायचो. म्हटलं, कुलपाचा माणूस आहे, एक दिवस हात लावून बघेल. पण तू कसला हात लावतोस! नुसत्या शिव्या देऊन जायचास."

नदी केव्हाच बाजूला पडली होती. दोघे एकमेकांकडे तोंड करून भांडत होते आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. धाकटा एकदम उभा राहिला. "म्हणजे दुकानही तूच उघडं टाकलं होतंस!"

"हो. मीच."

"आणि मी मेलो बाजारात सांगून सांगून!"

"ओरडू नकोस, बस खाली," थोरला म्हणाला. "त्या संध्याकाळी तू कोणाची तरी तिजोरी उघडायला गेला होतास. तुझी किल्ली खिळ्यालाच राहिली होती. डबा आत, घराची किल्ली आत. म्हटलं, परत येशील आणि बंद दारापुढे ताटकळत उभा राहशील. म्हणून नुसतं अडकवून गेलो."

धाकटा खाली बसला. त्या संध्याकाळी गिऱ्हाइकाने त्याला स्कूटरवरून थेट घरी सोडलं होतं. दुकानाकडे फिरकायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. "मग सांगितलं का नाहीस?"

"तू भर रस्त्यात तोंड सोडलंस. मलाही राग आला. म्हटलं, आपणहून विचारेल तेव्हा सांगू." थोरल्याने गुडघा चोळला. "तू विचारलंच नाहीस."

धाकट्याला रडू फुटलं. साठी उलटलेला, समितीचा अध्यक्ष, पण लहान पोरासारखा रडला. थोरल्याने तिसऱ्या माणसाची जागा ओलांडून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ नकोस दादा," धाकटा म्हणाला.

"तुझ्या वहिनीला एकटीला घर झेपत नाही आता. मलाही दिसत नाही पूर्वीसारखं. जायला हवं." मग म्हणाला, "पोराला सांगितलंय, काठ लोकांना खुला झाला की मी परत येणार."

दोघांनी त्या गवताकडे पाहिलं, यंत्रातल्या पाखरांच्या घराकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू आवरेना. "म्हणजे तू गेलासच की रे!" धाकटा डोळे पुसत म्हणाला, आणि पुन्हा रडला.

तेवढ्यात मुकादम परत आला. साहेबांची पाहणी पुढे ढकलली होती. तो म्हणाला, "काका, आता ह्याला नवं कुलूप बसवा." आणि जरा ओशाळून पुढे म्हणाला, "किल्ली तुमच्याकडेच असू द्या. आमच्याकडे हरवते."

महिनाअखेरीस थोरला गेला. आता दोघे फोनवर रोज भांडतात आणि बायकांना फोन मिळत नाही. समितीचं अध्यक्षपण धाकट्याने सोडलं. लोक म्हणतात, पालिकेने ह्याला फोडला. म्हणोत बापडे. काठाचं काम अजून चालूच आहे, म्हणजे दिलगिरीचं. धाकटा रोज संध्याकाळी आत जाऊन बाकाच्या ह्या टोकाला बसतो आणि येताना कुलूप नुसतं अडकवून येतो. पिशवी मात्र बांधत नाही. तेल घालतो, पण पावसात ते टिकतंय कुठे. गंजलं तर गंजलं. दादाला हल्ली कमी दिसतं, तो आलाच तर कुलूप लागलेलं नाही हे त्याला लांबून कळायला हवं.