उकळलेलं पाणी

गफ्सा शहराच्या पलीकडे, फॉस्फेटच्या खाणींच्या एका गावात मबरूका अकरा वर्षं रसायनशास्त्र शिकवत होती. गावातल्या सगळ्यांसारखेच तिचेही दात तपकिरी. विहिरीच्या पाण्यातच दोष होता आणि दुसरं पाणी गावात नव्हतं.

वर्गात ती फळ्यावर गोल काढी. "फ्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन. आठवा मिळेपर्यंत त्याला चैन नाही, दुसऱ्याचा ओढून घेतो. घेतला की त्याला म्हणायचं फ्लोराइड. आपल्या विहिरीत आहे ते हेच. कॅल्शियमच्या बाहेरच्या कक्षेत दोनच, ते देऊन मोकळं होतं. मग हे दोघं एकमेकांना असे धरून बसतात की सुटत नाहीत. आता सांगा, कॅल्शियम कुठे असतं?"

"आमच्या तोंडात, मॅडम," मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली. वर्ग हसला, मबरूकाही हसली.

तिला मुलगी झाली, रिहाब, तेव्हा तिनं ठरवलं, या पोरीचे दात वाचवायचे. शाळेत जाताना ती बाळाला आईकडे ठेवी आणि शहरातून आणलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या सोबत देई. "विहिरीचं पाणी वाईट आहे, उम्मी. हेच पाज." याहून जास्त ती बोलली नाही. आईला अक्षरओळख नव्हती, तिला इलेक्ट्रॉन कुठे सांगत बसायचे.

सातव्या वर्षी रिहाबचे पुढचे दोन पक्के दात आले. मबरूकानं तिला खिडकीपाशी नेऊन तोंड उघडायला लावलं. दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे होते. पुढे त्यांचा रंग कसा बदलत जातो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

ती तशीच आईकडे गेली. "बाटल्या संपल्या की पोरीला काय द्यायचीस?"

"विहिरीचंच. पण कच्चा थेंब नाही दिला हो कधी. अर्धं आटेपर्यंत उकळायची मी. तूच म्हणाली होतीस ना, वाईट आहे म्हणून."

पाणी आटतं, फ्लोराइड आटत नाही. जितकं उकळावं तितकं ते दाट होत जातं. दरवर्षी ती हे चाळीस मुलांना शिकवत होती. आईला तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

"का गं, काय झालं? तोंड का उतरलंय?"

"काही नाही, उम्मी. चांगलं केलंस तू."

पुढच्या आठवड्यात तिनं रसायनशास्त्राचा वर्ग सोडला आणि खालच्या मुलांचं गणित मागून घेतलं. कुणी विचारलं तर रसायनांच्या वासानं घसा बसतो म्हणून सांगे. रिहाब अजून तोंडभर हसते. ती हसली की मबरूका दुसरीकडे बघते.