तीन बोटं

दातांच्या दवाखान्यात आतलं दार उघडंच होतं, बाहेर बाकावरून मला सगळं दिसत होतं. खुर्चीतल्या बाईंचा जबड्याचा सांधा दुखत होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, “तोंड किती उघडतं बघू. तीन बोटं उभी धरून तोंडात घाला.” एकच गेलं.

“कधीपासून दुखतंय?” उत्तर शेजारी उभ्या नवऱ्याने दिलं. “झोपेत दात खाता?” तेही त्यानेच दिलं. “छे, हिला कसलं आलंय टेन्शन.”

माझं डोकंच फिरलं. जबडा तिचा, दुखणं तिचं, आणि तोंड मात्र याचं चाललंय. वर्षानुवर्षं ओठांशी आलेला शब्द परत गिळायचा, तर दात आवळावेच लागतात.

“मऊ खा, शेक घ्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. “तुम्ही बाहेर बसा.”

आतून दार लागलं. तो माझ्या शेजारी येऊन बसला. “तिला नीट सांगता येत नाही हो,” म्हणाला.

बंद दारामागे बाई बोलायला लागल्या. माझा नंबर यायला पाऊण तास लागला.